क्लचप्लेटचा मध्य कोण राखतो?

मोटारीचा क्लच घरच्या घरी बदलू पाहणाऱ्या हौशी कारागिराची कसोटी बहुधा अगदी शेवटी लागते. नवी क्लचप्लेट बसलेली असते, सगळे बोल्ट आवळून झालेले असतात; पण गिअरबॉक्स परत जागेवर चढवताना त्याचा शाफ्ट प्लेटच्या मधल्या छिद्रात काही केल्या शिरत नाही, आणि चूक कोठे झाली हे बाहेरून दिसत नाही. गॅरेजमध्ये ज्याला ‘प्लेट सेंटरला घेणे’ म्हणतात, ते काम राहून गेल्याचा हा परिणाम असतो. ते काम का करावे लागते, हे समजण्यासाठी क्लचची रचना आणि घर्षणाचा एक साधा हिशेब पुरेसा आहे.

इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक बोल्टने जखडलेले असते आणि त्यावर प्रेशर प्लेटचे झाकण बसते. या दोहोंच्या मध्ये क्लचप्लेट, म्हणजे दोन्ही अंगांना खरखरीत घर्षणपट्टे रिव्हेटने बसवलेली पातळ पोलादी चकती असते. चकतीच्या हबला, म्हणजे मधल्या पोकळ भागाला, आतून दाते कोरलेले असतात. या दात्यांना स्प्लाइन म्हणतात. गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या इनपुट शाफ्टवरचे तसेच दाते त्यांत बसतात, त्यामुळे चकती शाफ्टवर पुढेमागे सरकू शकते, मात्र फिरताना दोघांना बरोबरच फिरावे लागते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांची जागा बोल्ट व पिना ठरवतात. चकतीला अशी स्वतःची जागा नसते. तिला मध्यावर राखणारा एकमेव भाग म्हणजे इनपुट शाफ्ट, आणि दुरुस्तीच्या वेळी नेमका तोच गिअरबॉक्सबरोबर बाहेर काढून ठेवलेला असतो.

शाफ्ट नसताना चकती जेथे ठेवली जाईल, तेथेच ती पकडली जाते. प्रेशर प्लेटच्या झाकणात डायफ्रॅम स्प्रिंग, म्हणजे बशीसारखी किंचित खोलगट आणि मध्याकडे बोटांसारख्या पट्ट्या असलेली पोलादी स्प्रिंग असते; ज्युलिएं बेलव्हिल या फ्रेंच संशोधकाने १८६७ मध्ये पेटंट घेतलेल्या खोलगट चकतीच्या स्प्रिंगचेच हे पुढचे रूप होय. झाकणाचे बोल्ट आवळले की ही स्प्रिंग दबते आणि तिच्या दाबाने चकती दोन्ही बाजूंनी चेपली जाते. उदाहरणादाखल हा दाब ४००० न्यूटन, घर्षणाचा गुणांक ०.३ आणि घर्षणपट्ट्याची सरासरी त्रिज्या ८ सेंटीमीटर धरली, तर दोन पृष्ठभाग मिळून सुमारे १९० न्यूटन-मीटर इतके पीळबल घसरल्याशिवाय पुढे जाऊ शकते, आणि लहान मोटारीच्या इंजिनाला तेवढे पुरून उरते. पण हेच घर्षण चकतीला आडवे सरकण्यापासूनही अडवते. त्याच आकड्यांनी हिशेब केला, तर बोल्ट आवळल्यावर चकती बाजूला हलवण्यासाठी २४०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ २४५ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागेल. चकती मध्यापासून एखादा मिलिमीटर ढळलेली असली, तरी हाताने किंवा गिअरबॉक्स हलवून ती जागेवर येत नाही, याचे कारण हेच.

त्यात एक पेचही आहे. क्लचचे पेडल दाबले की रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांवर दाब देते, प्रेशर प्लेट मागे हटते आणि चकती मोकळी होते. परंतु रिलीज बेअरिंग गिअरबॉक्सच्या बाजूला असल्याने गिअरबॉक्स चढेपर्यंत पेडलाचा उपयोग नाही, आणि चकती मध्यावर नसेल तर गिअरबॉक्स चढत नाही.

हा पेच डमी शाफ्टने, म्हणजे इनपुट शाफ्टच्या जागी तात्पुरता घालायच्या तशाच दांड्याने, सुटतो. रिअर-व्हील ड्राइव्हच्या जुन्या अँबॅसेडरसारख्या गाडीत क्रँकशाफ्टच्या टोकाला पायलट बुश, म्हणजे इनपुट शाफ्टचे टोक पेलणारी लहान नळी, असते. डमी शाफ्टचे निमुळते टोक या बुशमध्ये आणि दातेरी भाग चकतीच्या हबमध्ये बसला की दोहोंचे मध्य आपोआप एका रेषेत येतात. अनेक फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांत असा बुश नसतो; तेथे शंकूच्या आकाराचे साधन वापरून स्प्रिंगच्या बोटांच्या वर्तुळाशी हबचा मध्य जुळवतात. चकतीची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे राहील हे तिच्यावरची खूण पाहून आधी निश्चित करावे लागते, कारण उलटी बसलेली चकती मध्यावर असली तरी निरुपयोगी ठरते. यानंतर झाकणाचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, प्रत्येक वेळी अर्धा-एक वेढा देत आवळतात. एकच बाजू आधी आवळली तर झाकण तिरके दबून वाकू शकते. काम नीट झाल्याची खूण हाताला कळते: शेवटचा बोल्ट आवळल्यावर डमी शाफ्ट न अडखळता बाहेर येतो आणि तितक्याच सहजपणे पुन्हा आत जातो.

यानंतरही शाफ्ट आत शिरत नसेल, तर दाते दात्यांवर आदळत असण्याची शक्यता असते. अशा वेळी गिअरबॉक्स एखाद्या गिअरमध्ये टाकून त्याचे बाहेरचे टोक किंचित फिरवले की दाते जुळतात. बोल्टच्या जोराने गिअरबॉक्स ओढून घेणे मात्र घातक असते, कारण त्याचे ॲल्युमिनियमचे कान तुटू शकतात. तसेच गिअरबॉक्सचा भार अर्धवट शिरलेल्या शाफ्टवर लोंबकळत ठेवला तर चकतीचा हबालगतचा भाग वाकतो. वाकलेली चकती पेडल दाबूनही फ्लायव्हीलपासून पुरती सुटत नाही, आणि गिअर टाकताना खरखर ऐकू येते.

मध्य चुकण्याचे दोन प्रकार येथे वेगळे ओळखावे लागतात. गिअरबॉक्सचा आस क्रँकशाफ्टच्या आसाशी जुळवण्याचे काम इंजिनाच्या पाठीवरील डॉवेल, म्हणजे जागा ठरवणाऱ्या लहान पोलादी खुंट्या, करतात. जुना गिअरबॉक्स उतरवताना त्या हरवल्या आणि नुसत्या बोल्टवर भागवले, तर दोन आस कायमचे ढळलेले राहतात आणि प्रत्येक फेऱ्याला हब व दाते झिजत जातात. चकतीचे ढळणे मात्र तात्पुरते असते: गिअरबॉक्स एकदा चढला आणि पेडल पहिल्यांदा दाबले गेले की चकती क्षणभर मोकळी होते, उरलासुरला सूक्ष्म फरक शाफ्टवर टेकून स्वतःच भरून काढते, आणि पुढे तिचा मध्य शाफ्टच राखतो. नव्या क्लचबरोबर मिळणारा डमी शाफ्ट अनेकदा साध्या प्लास्टिकचा असूनही पुरतो तो यामुळेच; इंजिनाचा जोर त्याला एक क्षणही पेलायचा नसतो, शेवटचा बोल्ट आवळला जाईपर्यंत चकती तेवढी धरून ठेवायची असते.