सुपारीने ताठलेले गाल

तोंड मोठ्ठे उघडा. आता आपल्याच हाताची तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, एकावर एक अशी उभी धरून पुढच्या दातांमधून आत जातात का, ते पाहा. बहुतेकांची सहज जातील. घरात कुणाची दोनच गेली, आणि त्या व्यक्तीच्या खिशात सुपारीची पुडी असेल, तर हा लेख त्यांनाही वाचायला द्या.

ही तक्रार एका दिवसात होत नाही. आधी नेहमीच्याच आमटीने तोंडाची आग होऊ लागते. मग पाणीपुरीची अख्खी पुरी तोंडात जाईनाशी होते, शिट्टी वाजत नाही, गाल फुगवता येत नाहीत. आतून बोट फिरवले तर गालात उभे ताठ पट्टे लागतात. डॉक्टर या विकाराला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हणतात. १९५२ साली पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात तो प्रथम नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्याकडच्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले.

याची खरी भीती तोंड आखडण्याची नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात असे ६६ रुग्ण १७ वर्षे तपासले. त्यातल्या पाच जणांना, म्हणजे शेकडा ७.६ लोकांना, तोंडाचा कर्करोग झाला.

गाल ताठ का होतो? तोंडाच्या मऊ अस्तराखाली कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. सुपारीतल्या द्रव्यांमुळे हे धागे जास्त तयार होतात आणि जुने मोडून काढण्याचे काम मंदावते. त्यात सुपारीत तांबे भरपूर. तांब्यावर चालणारे एक विकर या धाग्यांना एकमेकांशी जोडत सुटते. जुन्या लुगड्यांचे थर नुसते ठेवले तर सैल असतात, पण जवळजवळ टाके घालत गेले की गोधडी ताठ होते, तसेच हे.

पेशीला ‘स्पर्श’ कळतो

आता गंमत पाहा. शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या आजूबाजूला सतत चाचपून पाहत असते. जागा मऊ आहे की कडक, यावर तिचे वागणे ठरते. अमेरिकेत व्हॅलरी वीव्हर यांच्या गटाने २००५ साली स्तनाच्या पेशी जेलीसारख्या पदार्थात वाढवून दाखवल्या. जेली मऊ असताना त्या शिस्तीत गोलाकार रचना करून राहिल्या. जेली कडक केली, तशी ती शिस्त बिघडली आणि पेशी कर्करोगाच्या पेशींसारख्या वागू लागल्या. स्तनातली गाठ हाताला कडक लागते, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. तो कडकपणा रोगाची नुसती खूण नसून रोगाला हात देणारा भागीदारही असतो, हे मात्र अलीकडे कळले.

अर्थात सारा दोष ताठरपणावर टाकून चालणार नाही. सुपारीतली रसायने पेशींच्या जनुकांना थेट इजा करतातच.

वाढत्या गाठीच्या आत दाबही साचतो. कानपूरच्या आयआयटीतून केमिकल इंजिनीअर झालेले आणि बोस्टनमध्ये संशोधन करणारे राकेश जैन यांनी दाखवले, की या दाबाने गाठीतल्या रक्तवाहिन्या चेपल्या जातात. मग शिरेतून दिलेले औषध गाठीच्या गाभ्यापर्यंत नीट पोचत नाही. आणि रोग पसरताना पेशीला आपल्या केंद्रकाहूनही अरुंद फटींतून अंग चोरून जावे लागते. बहुतेक पेशी या प्रवासात मरतात, थोड्या तगतात. या वाटचालीचा अभ्यास पवईच्या आयआयटीत शमिक सेन यांच्या प्रयोगशाळेतही होतो.

हे दाबाबिबाचे वाचून कुणी म्हणेल, “बघा, म्हणूनच गाठीला सुई लावू नये!” असा अर्थ कृपया काढू नका. तपासणीच्या सुईने रोग पसरणे फार विरळा. सुई टाळून महिनोन् महिने दवडणे कितीतरी महाग पडते.

‘तंबाखू नाही ना, मग काय?’

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण जेवणानंतरची गोड सुपारी घरोघरी निर्धास्त चघळली जाते. पुण्याच्या पेठेत असो वा जयपूरच्या गोपालपुऱ्यातल्या क्लासेसच्या गर्दीत, तरुण पोरांचे उत्तर एकच, “साधी सुपारी आहे.” जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच जाहीर केले, की तंबाखूविना नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक आहे. लग्नाच्या पंगतीत सुपारीचे तबक आपणच पुढे करतो, त्याचे काय?

एकदा ताठलेला गाल पूर्वीसारखा मऊ सहसा होत नाही. सुपारी सुटली तर वाढ थांबण्याची आशा असते, पण सोडल्यावरही धोका उरतो. म्हणून तोंडात न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर दंतवैद्याला किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. अक्कलदाढेच्या सुजेनेही तोंड आखडते, तेव्हा निदान घरी करत बसू नये. उपचारांत गालात इंजेक्शने देतात, फार आखडले तर शस्त्रक्रिया करतात. त्याबरोबर व्यायाम हवाच. डॉक्टर चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला सांगतात, आणि तोंड थोडे सैलावले की त्या चळतीत आणखी एक काडी वाढवायची.