पानांच्या पदरी पडणारा प्रकाश

सूर्यकिरणांचा लेशही न पोचणाऱ्या खोलीत, फळ्यांवर ओळीने मांडलेल्या ट्रेमध्ये लेट्यूस हिरवेगार वाढताना दिसले की, पाहणाऱ्याला कौतुक वाटते ते दिव्यांच्या लखलखाटाचे. परंतु या विद्येचे मर्म, विजेचे दाम मोजून घेतलेल्या प्रकाशापैकी कितीसा खरोखर पानांच्या पदरी पडला, या हिशेबात आहे.

१९९१ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी लाल एलईडींखाली लेट्यूस वाढविल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा निळ्या प्रकाशासाठी त्यांना जुन्या प्रकाशनळ्यांचाच आश्रय घ्यावा लागला होता. कारण पुरेसा तेजस्वी निळा एलईडी तोवर कोणाला साधलाच नव्हता. ती उणीव आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांच्या परिश्रमांनी दूर झाली, आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना त्याच कार्यासाठी मिळाले. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट २०१५ मध्ये, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर एलईडींखाली वाढलेल्या लालसर लेट्यूसची पाने अंतराळवीरांनी चाखली.

वनस्पतीच्या दरबारी उजेड मोजला जात नाही, मोजले जातात ते प्रकाशकण. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या कणात जितकी ऊर्जा असते, तिच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जेत ६६० नॅनोमीटरचा लाल कण सिद्ध होतो, आणि अन्न तयार करण्याच्या कामी तो निळ्यापेक्षा उणा ठरत नाही. म्हणून दिव्यात लालाचा वाटा मोठा ठेवणे किफायतीचे. तथापि निव्वळ लाल प्रकाशात रोपे लांबुडकी व लेचीपेची होतात, आणि निळ्याचा थोडा अंश मिळाला की ती आटोपशीर, भरदार वाढतात. हिरवा प्रकाश पानाला निरुपयोगी, हे सरसकट सांगितले जाणारे मत मात्र मला मान्य नाही: त्याचा बराच भाग पान शोषून घेते आणि उरलेला खालच्या पानांपर्यंत झिरपतो. शिवाय लाल-निळ्याच्या जांभळट उजेडात पिवळे पडू लागलेले पान डोळ्यांना ओळखताच येत नाही, म्हणून घरगुती मांडणीसाठी मी पांढराच एलईडी निवडीन.

लेट्यूसला दर चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे १४ मोल प्रकाशकण पुरतात. एका ज्यूल विजेत ३ मायक्रोमोल कण देणारा उत्तम प्रतीचा दिवा घेतला, तर एवढ्या प्रकाशासाठी रोज साधारण १.३ युनिट वीज खर्ची पडते. गव्हासारख्या धान्याला प्रकाश याहून कितीतरी अधिक हवा, काळही अधिक हवा, आणि अखेरीस मूळ व काड टाकून दाणा तेवढा हाती यायचा. पालेभाजीचे मात्र महिना-सव्वा महिन्यात वाढलेले बहुतेक सारे अंग ताटात येते, म्हणून हा खर्च तिलाच झेपतो. आपल्याकडे ऊन मुबलक व फुकट आहे. उघड्या वाफ्यातल्या मेथीच्या जुडीशी या दिव्याने भावात बरोबरी करावी, ही अपेक्षा रास्त नव्हे.

एलईडीच्या पुढून उष्ण किरण फारसे बाहेर पडत नाहीत, उष्णता बहुतांशी पाठीकडून निघते. त्यामुळे दिवा रोपांच्या वीतभर वर आणता येतो आणि प्रकाश इतस्ततः सांडत नाही. बाजूंना पांढरे पत्रे लावले की निसटलेला प्रकाशही परत फिरतो. रोपे लहान असताना ती दाटीने ठेवावीत आणि पानाला पान भिडू लागताच विरळ करावीत. कारण दोन रोपांमधल्या रित्या जागेवर पडलेला प्रकाश मीटरवर नोंदला जातो, पिकाच्या खाती मात्र जमा होत नाही. प्रखर दिवा थोडे तास लावण्यापेक्षा मंद दिवा अधिक तास लावला, तर त्याच कणांचे चीज अधिक होते, कारण प्रखर प्रकाशात पानाची ग्रहणशक्ती अपुरी पडू लागते. लेट्यूसला सोळा तासांचा असा दिवस मानवतो. विलायती पालकाला तो मानवत नाही. दिवस लांबला, की पाने धरायची सोडून ते झाड फुलोऱ्याचा दांडा वर काढते, आणि म्हणून त्याच्या फळीवरचे दिवे बारा तासांनी मालवून त्याला त्याची रात्र द्यावी लागते.