सर्पाचें अंडें व पिलांचें संगोपन

सर्प हा शब्द कानीं पडतांच आपल्या घरांतील वडील मंडळी काठी शोधूं लागतात, व मुलें खाटेवर चढून बसतात. अशा प्राण्याचीं जोडपीं हौसेनें पाळावीं, त्यांचीं अंडीं उबवावीं आणि पिलांस भरवून लहानाचीं मोठीं करावीं, असें करणारे लोकही जगांत आहेत, हें सांगितल्यास पुष्कळांस खरें वाटणार नाहीं. परंतु अमेरिकेंत व युरोपांत हा छंद चांगलाच रुळलेला आहे, व त्यांत ‘किंगस्नेक’ नांवाच्या रंगीत सर्पास मोठा मान आहे.

हा सर्प मूळचा अमेरिका खंडांतला. तो विषारी नाहीं. भक्ष्यास विळखा घालून आवळून मारतो. इतर सर्पांसही तो खातो, व तेथील ‘रॅटलस्नेक’ या जहाल सर्पाचें विष त्यास फारसें बाधत नाहीं. म्हणूनच त्यास राजा ही पदवी मिळाली. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागांतील दाट रानांत आढळणारा नागराज हाही सर्पभक्षक असल्यामुळेंच त्या पदवीस पात्र झाला. मात्र तो अत्यंत विषारी आहे, आणि या दोन राजांचें साम्य येथेंच संपतें. किंगस्नेकच्या कांहीं जातींच्या अंगावर तांबडे, काळे व पांढरे पट्टे इतके रेखीव असतात कीं, ते विषारी पोवळा सर्पाचा भास करून देतात व शत्रूस दूर ठेवतात. मनुष्य मात्र त्याच पट्ट्यांस भुलून त्याला घरीं आणतो!

सर्पाच्या शरीराची उष्णता बाहेरच्या हवेप्रमाणें कमीअधिक होते. किंगस्नेकच्या मायदेशीं बहुतेक भागांत थंडी कडक पडते, व तेवढे दोन-तीन महिने तो बिळांत निपचित पडून राहतो. वसंताची ऊब लागतांच नर मादीच्या शोधास निघतो. पाळणाऱ्यास हाच ऋतुक्रम पेटींत घडवून आणावा लागतो. प्रथम सुमारें दोन आठवडे सर्पास अन्न देत नाहींत; कारण थंडीनें पचन बंद पडलें असतां पोटांतील उंदीर तसाच कुजून सर्प दगावतो. पोट रितें झाल्यावर त्यास १० ते १५ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या अंधाऱ्या जागीं ठेवतात; पाणी मात्र जवळ असतें. पुढें हळूहळू ऊब वाढवून मादीस भरपूर खाऊं घालतात. हें खाऊं घालणें केवळ अंड्यांसाठीं नव्हे. भुकेलेला किंगस्नेक आपल्या जोडीदारासही गिळावयास मागेंपुढें पाहत नाहीं, आणि एका पेटींत दोन सर्प सोडावे व सकाळीं एकच शिल्लक राहावा, हा प्रसंग या छंदांत अपूर्व नाहीं.

मीलनापासून सहा ते नऊ आठवड्यांनीं मादी अंडीं घालते. त्यापूर्वीं थोडे दिवस ती कात टाकते. ती कात दिसतांच ओलसर शेवाळ भरलेला डबा पेटींत ठेवतात, व मादी त्यांत शिरून बहुधा पांच ते बारा अंडीं घालते. येथपर्यंतचें काम सोपें. खरी परीक्षा पुढें आहे.

सर्पाच्या अंड्यास कोंबडीच्या अंड्यासारखें ठिसूळ कवच नसतें. तें चिवट चामड्यासारखें असतें व आसपासची ओल शोषून हळूहळू फुगतें. हवा कोरडी झाली कीं त्यावर खळगे पडतात. ओल अति झाली कीं बुरशी धरते. म्हणून ओलसर शेवाळांत, वाळूंत अगर ‘वर्मिक्युलाइट’ नांवाच्या फुगविलेल्या खनिजांत तें अर्धें पुरून २७ ते २९ अंश उष्णतेंत सुमारें दोन महिने ठेवतात. आणखी एक नियम याहूनही महत्त्वाचा आहे. खुडूक बसलेली कोंबडी दिवसांतून अनेक वेळां चोंचीनें अंडीं फिरविते, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तीं न फिरविल्यास गर्भ कवचास चिकटून मरण्याचा संभव असतो. सर्पाच्या अंड्याची गोष्ट नेमकी उलट! घातल्यानंतर थोड्याच अवधींत त्यांतील गर्भ वरच्या बाजूस कवचाच्या आंतील पडद्याशीं स्थिरावतो. मग अंडें उलथें केल्यास तो बलकाखालीं दबून गुदमरतो. याकरितां जाणते लोक प्रत्येक अंड्याच्या वरच्या अंगास पेन्सिलीनें हलकी खूण करतात, आणि एकमेकांस चिकटलेलीं अंडीं सोडविण्याच्या भरीस पडत नाहींत.

बहुतेक सर्पिणी अंडीं घालून निघून जातात. अजगरी मात्र त्यांभोंवतीं वेटोळें घालून बसते, व स्नायूंच्या थरथरीनें त्यांस ऊब देते. हिंदुस्थानांत ही गोष्ट ऐकून एका फ्रेंच प्रवाशानें ती मायदेशीं सांगितली, तेव्हां तेथील पंडितांनीं ती हंसण्यावारी नेली. पुढें सन १८४१ मध्यें पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयांत अजगरीच्या वेटोळ्यांत उष्णतामापक ठेवून पाहिला, आणि प्रवासी खरा ठरला. असो.

दिवस भरले म्हणजे पिलूं तोंडाच्या टोंकाशीं असलेल्या एका बारीक दातानें कवचास चीर पाडतें, आणि डोकें तेवढें बाहेर काढून एखादा दिवस, क्वचित् अधिकही, तसेंच पाहत राहतें. या वेळीं त्यास ओढून काढण्याचा मोह घातक आहे. कारण उरलेला बलक तेव्हां त्याच्या पोटांत ओढला जात असतो, व तीच त्याची पहिल्या आठवड्याची शिदोरी होय. बाहेर येतांच प्रत्येक पिलास वेगळा डबा द्यावा लागतो, नाहींतर भावंडेंच एकमेकांचें भक्ष्य होतात. सुमारें आठ-दहा दिवसांनीं पिलूं पहिली कात टाकतें, आणि मग त्यापुढें उंदराचें नुकतेंच जन्मलेलें पिलूं ठेवतात. कित्येक पिलें तें हुंगूनही पाहत नाहींत, कारण रानांत त्यांचें पहिलें अन्न बहुधा सरडा असतो. तेव्हां उंदराच्या पिलास सरड्याचा वास लावून त्यांस फसवावें लागतें.

या छंदाचें खरें आकर्षण रंगांत आहे. अंगांतील काळें द्रव्य मुळींच नसलेला पांढरट, गुलाबी डोळ्यांचा किंगस्नेक हजारोंत एखादाच निपजतो. परंतु मेंडेलनें वाटाण्यांवर शोधून काढलेला आनुवंशिकतेचा नियम येथेंही लागू पडतो. दोन साध्या दिसणाऱ्या सर्पांनीं तो गुण गुप्तपणें धारण केला असल्यास त्यांच्या चार पिलांत सरासरीनें एक पांढरें निघतें. आणि दोन पांढऱ्यांची जोडी जमविली तर सगळींच पांढरीं. रानांत असें पिलूं दुरून दिसतें व घारीच्या तोंडीं जातें. पेटींत तें सुखानें वाढतें.

पेटीबाहेर पडल्यास काय होतें, हें आफ्रिकेच्या वायव्येस असलेल्या स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर दिसून आलें आहे. त्या बेटावर मूळचा सर्पच नव्हता. कोणा हौशी लोकांचे निसटलेले अगर सोडून दिलेले कॅलिफोर्नियाचे किंगस्नेक सन १९९८ च्या सुमारास तेथें मोकळे आढळूं लागले; त्यांत पांढरेही पुष्कळ होते. जमिनीखालीं लपावयास जागा भरपूर, शत्रू थोडे; त्यामुळें त्यांची संतति वाढतच गेली. त्या बेटाच्या मोठ्या सरड्यास सर्पाचें भय पिढ्यान्‌पिढ्या ठाऊकच नव्हतें. जेथें हे सर्प पसरले, तेथें तो सरडा जवळजवळ दिसेनासा झाला आहे. सरकारनें हजारों सर्प पकडविले, तरी त्यांचा नायनाट झालेला नाहीं.

आपल्या देशांत सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें येथील सर्प पकडण्यास व घरीं पाळण्यास मनाई आहे. एवढेंच नव्हे, तर सर्पाचीं अंडीं नासणें हीही त्या कायद्यांत शिकारच गणली आहे. सर्प जवळून पाहावयाचे असल्यास पुण्यास कात्रज येथें श्री. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकारानें सन १९८६ मध्यें स्थापन झालेलें सर्पोद्यान आहे. परंतु अंडीं उबविण्याची विद्या आपल्याकडेही उपयोगी पडते, व ती पाळण्यासाठीं नव्हे तर सोडून देण्यासाठीं.

सोलापूरच्या बाजूस उन्हाळ्यांत काळ्या जमिनीस भेगा पडतात. त्या भेगांत, पडक्या भिंतींत, कडब्याच्या गंजीखालीं नाग, धामण, तस्कर हे सर्प अंडीं घालतात. (घोणस, फुरसें व मांडूळ हे अंडीं न घालतां थेट पिलें देतात.) वाडा पाडतांना अगर पाया खणतांना असा पुंजका सांपडला कीं फावड्यानें तो ठेचण्याची पद्धत आहे. अलीकडे कोणी जाणता वनखात्यास अगर सर्पमित्रास कळवितो. घरच्या मुलांनीं व मोठ्यांनींही तेथें हात घालूं नये. कारण नागीण अंड्यांजवळ राखण करीत असते, आणि नागाच्या पिलाच्या दांतांत अंड्यांतून निघतांच विष असतें. महाराष्ट्र वनखात्याचा दूरध्वनि क्रमांक १९२६ हा आहे.

सर्पमित्र तीं अंडीं जशीं पडलीं असतील तशींच, वरची बाजू वर ठेवून, उचलतो व भोंकें पाडलेल्या डब्यांत ओलसर वाळूंत अगर नारळाच्या भुशांत मांडतो. येथें अमेरिकेप्रमाणें ऊब देण्याची विवंचना नसते. विवंचना असते ती चाळीस अंशांवर जाणाऱ्या उन्हाची, म्हणून डबा घरांतल्या सर्वांत गार कोपऱ्यांत जातो. पिलें निघाल्यावर वनखात्याकडे नोंद होते, आणि मूळ जागेजवळच, पण वस्तीपासून दूर, एखाद्या ओढ्याकांठच्या झुडपांत त्यांस मोकळें करतात. त्यांस भरवावें लागत नाहीं, शिकवावेंही लागत नाहीं. पहिली कात टाकली कीं तीं लहान बेडूक व सरड्यांचीं पिलें धरूं लागतात. पहिल्या पावसानंतर ओढ्याकांठीं त्यांचा सुकाळ असतो, आणि उन्हाळ्यांत घातलेलीं अंडीं त्याच सुमारास फुटतात.