फोन दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? आधी वहीत हा हिशोब मांडा

मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या खर्चाची वही कशी ठेवायची ते पाहिलं. त्यानंतर बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. त्या घरून दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेतात. म्हणाल्या, "दादा, माझा फोन संध्याकाळपर्यंत पण टिकत नाही. चार्जरची पिन हलवत बसावी लागते. नवाच घेऊन टाकते. हप्त्यावर मिळतोय सोळा हजारांचा."

मी विचारलं, "ताई, फराळाच्या मालासाठी हातात किती आहेत?"

"अठरा हजार."

आता गंमत बघा. दिवाळीला पाच आठवडे. बेसन, तूप, तेल, साखर, भाजणी, सगळं रोखीनं घेतलं तर त्यांचा किराणावाला भाव कमी करतो. आणि नेमक्या त्याच वेळी त्या पहिला हप्ता, प्रोसेसिंग फी, कव्हर, काच यात पैसे घालणार होत्या. म्हणजे प्रश्न फोनचा वाटतो, पण खरा प्रश्न भांडवलाचा आहे.

फोन ही मशीन आहे

तुम्ही शिलाई मशीन, मिक्सर, वजनकाटा घेताना विचार करता ना? तसाच फोनचा करा. ऑर्डर त्यावर, पेमेंट त्यावर, फोटो त्यावर, उधारीची नोंदसुद्धा त्यावर. म्हणून "फोन किती जुना झाला?" हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा, "आज घातलेला रुपया मला किती महिने काम देईल?"

ताईंचा हिशोब आम्ही असा मांडला. बॅटरी १,५०० आणि चार्जिंगची पिन ९०० रुपये, एकूण २,४००. बाकी फोन ठणठणीत, अपडेट येतायत. अजून किमान १२ महिने चालेल असं धरलं. २,४०० भागिले १२, म्हणजे महिन्याला २०० रुपये.

नवा फोन १६,००० चा. तीन वर्षं, म्हणजे ३६ महिने धरले तर महिन्याला साधारण ४४५ रुपये.

दुरुस्ती निम्म्याहून स्वस्त पडली. ताईंनी बॅटरी आणि पिन बदलली, उरलेले पैसे मालात घातले. निर्णय पाच मिनिटांचा, पण वही उघडली म्हणून झाला.

पण दुरुस्ती नेहमीच स्वस्त नसते

इथे मी माझी चूक सांगतो, कारण ती मला महागात पडली आहे. कराडला माझं भांड्यांचं दुकान आहे. दुकानाचा एक फोन होता, पाच वर्षं वापरलेला. आधी डिस्प्ले गेला, बदलला. चार महिन्यांनी बॅटरी, ती बदलली. मग स्पीकर. प्रत्येक वेळी मनात एकच, "आत्ताच तर एवढे घातलेत, आता कशाला सोडायचा?" आम्हाला बीबीएला शिकवलं होतं की गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरायचा नसतो. परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले, आणि दुकानात विसरलो!

शेवटी ऐन लग्नसराईत बोर्ड गेला. फोन सुरूच होईना. बॅकअप घेतलेला नव्हता. चौदा हजारांची उधारी फक्त चॅटमध्ये लिहिलेली. निम्मी लोकांनी प्रामाणिकपणे आणून दिली, बाकीची कोणाकडे होती तेच आठवेना. फोन गेल्याचं दुःख नाही, नोंद गेल्याचं आहे.

नवा कधी घ्यायचा?

१. दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या फोनच्या निम्म्याच्या वर जात असेल तर. हा काही कायदा नाही, अंगठ्याचा नियम आहे, पण कामाला येतो.

२. फोनला सिक्युरिटी अपडेट येणं बंद झालं असेल तर. सेटिंगमध्ये जाऊन शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. दीड-दोन वर्षं जुनी असेल तर ज्या फोनवर बँकेचं काम चालतं, त्यात पैसे घालू नका. जुन्या अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा टप्प्याटप्प्यानं बंद होतं.

३. बोर्डचं काम निघालं असेल किंवा फोन पाण्यात पडला असेल तर. एक दुरुस्त केलं की दुसरं डोकं वर काढतं.

४. एका वर्षात तिसऱ्यांदा दुरुस्ती निघाली असेल तर.

फक्त बॅटरी, चार्जिंगची पिन, स्पीकर, माइक असं असेल तर बहुतेक वेळा दुरुस्तीच परवडते. लिथियम-आयन बॅटरी वापरानं झिजतेच. काही शेकडो वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची क्षमता कमी होते. तो फोनचा दोष नाही, टायर झिजतो तसं आहे ते. पण बॅटरी फुगली असेल, मागचं झाकण उचललं गेलं असेल, तर त्या दिवसापासून चार्जिंगला लावू नका. सरळ दुकानात न्या.

बंद दिवसाची किंमत पण धरा

फोनवरून रोज दीड हजारांचा माल जातो आणि त्यात २० टक्के सुटतात, असं समजा. मग फोन बंद असलेला एक दिवस म्हणजे ३०० रुपये. दुरुस्तीवाला "आठ दिवस लागतील" म्हणाला तर २,४०० रुपये त्याच्या बिलात मनातल्या मनात जोडा. मग तुलना करा.

दुकानात देण्याआधी

बॅकअप घ्या. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. पेमेंटच्या अ‍ॅपमधून लॉगआउट करा. फोनचं लॉक किंवा पिन सांगू नका, तपासणी समोर उभं राहून करून घ्या. पार्ट ओरिजिनल की कॉपी ते विचारा, किती महिन्यांची वॉरंटी ते बिलावर लिहून घ्या. जुना पार्ट परत मागा. आणि एकदा उघडलेला फोन पाण्यापासून पहिल्यासारखा सुरक्षित राहीलच असं नाही, हे लक्षात असू द्या.

नवा घेताना

'नो कॉस्ट' हप्ता म्हणजे फुकट नव्हे. रोखीवर मिळणारी सूट जाते का, प्रोसेसिंग फी किती, हे विचारा. जीएसटी नोंदणी नियमित योजनेत असेल तर धंद्याच्या नावानं बिल घ्या आणि इनपुट क्रेडिटबद्दल तुमच्या सीएंना विचारा. मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे, रक्कम छोटी नाही. सेकंडहँड घेत असाल तर *#०६# डायल करून आयएमईआय नंबर काढा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. चोरीचा निघाला तर फोनही जाईल, पैसेही.

आणखी एक. नव्या फोनवर यूपीआय पुन्हा नोंदवावं लागतं आणि बहुतेक वेळा पहिले २४ तास पैसे पाठवण्यावर मर्यादा येते. त्यामुळे व्यापाऱ्याला मोठी रक्कम द्यायच्या दिवशी फोन बदलू नका.

जुना फोन चालू असेल तर फेकू नका. काउंटरवर कॅटलॉग दाखवायला, मालाचे फोटो काढायला ठेवा.

आजचा गृहपाठ

वहीत तीन आकडे लिहा: दुरुस्तीचा महिना खर्च, नव्याचा महिना खर्च, बंद दिवसाची किंमत. आणि ते लिहायच्या आधी, आत्ता, हे वाचून झाल्या झाल्या, बॅकअप घ्या आणि उधारी कागदाच्या वहीत उतरवा. फोन आज ना उद्या जाणारच आहे. त्याच्याबरोबर तुमचा धंदा जायला नको.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत!