सातारचा शिक्का आणि ४७ दिवसांचे सर्टिफिकेट

वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून ३९८ दिवसांवरून २०० दिवसांवर आली आहे. मार्च २०२७ मध्ये ती १०० दिवस होईल आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था यांच्या सीए/ब्राउझर फोरमने हा ठराव एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केला. त्याच एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांसकट, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ पत्त्यावर जायला सांगितले; नवा पत्ता म्हणजे नवे सर्टिफिकेट आलेच. सातारा-सांगली हा सहकाराचा पट्टा. इथल्या तालुक्याच्या गावीही बँकेचे मुख्य कार्यालय असते, आणि त्यातल्या अनेकींकडे संगणक विभाग म्हणजे एक-दोन माणसे. वर्षातून एकदा ‘एसएसएल’ म्हणजे हे सर्टिफिकेट बसवून देणाऱ्याला २०२९ पासून वर्षातून आठ वेळा बोलवायचे का, हा प्रश्न तिथे पडणारच. माझे उत्तर असे की त्याला त्यासाठी एकदाही बोलवू नये. हे काम यंत्राने करायचे आहे. पण त्याआधी मुदत मुळात कमी का केली, हे पाहायला हवे.

त्यासाठी साताऱ्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्याला झाला आणि पुढे कारभार पुण्याला गेला, तरी पेशव्याला पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहूनच यायची. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव आणि मग प्रधानाचे. मिरजेच्या पटवर्धनांच्या हाती पुण्याचा कागद पडला, की तो खरा कशावरून, तर शिक्क्यावरून. आणि त्या शिक्क्याला वजन कशामुळे, तर साताऱ्यामुळे. आपला ब्राउझर नेमके हेच करतो. त्याच्याजवळ सर्टिफिकेट देणाऱ्या मोजक्या मूळ संस्थांची यादी असते. त्या आपली सही करण्याची मूळ किल्ली रोजच्या कामाला काढत नाहीत, नेटपासून तोडून कडेकोट ठेवतात. सह्या करतात त्या त्यांनी अधिकार दिलेल्या मधल्या संस्था. बँकेच्या सर्टिफिकेटवर मधलीची सही, मधलीच्या सर्टिफिकेटवर मूळ संस्थेची. ही साखळी जुळली, की पान उघडते.

मला या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती शिक्का बदलण्याची. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज गेले, रामराजे गादीवर आले आणि पेशव्यांच्या शिक्क्यातले नाव बदलले. म्हणून थोरल्या माधवरावांच्या शिक्क्यावर शाहू नव्हे, राजाराम नरपती, म्हणजे हेच रामराजे आहेत. छत्रपती बदलले तरी नवा शिक्का, पेशवा बदलला तरी नवा. कोणताही शिक्का कायमचा नाही, हे त्या दप्तराने गृहीतच धरले होते.

ही तुलना एका ठिकाणी तुटते. धातूच्या शिक्क्याचा ठसा पाहून कसबी कारागीर तसाच दुसरा कोरू शकतो. १८३९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले, ते गोव्याच्या पोर्तुगीजांशी कारस्थान केल्याच्या आरोपावरून. पुराव्यादाखल आणलेले कागद बनावट आहेत, असे महाराजांच्या बाजूचे म्हणणे होते, आणि त्यांचे वकील रंगो बापूजी ते लंडनमध्ये वर्षानुवर्षे मांडत राहिले. डिजिटल सहीत ठशावरून शिक्का काढता येत नाही. तिथे किल्ल्यांची जोडी असते, एक गुप्त ठेवायची खासगी आणि एक सर्वांना दिलेली उघड. खासगी किल्लीने केलेली सही उघड किल्लीने कोणीही पडताळावी. पण उघड किल्लीवरून खासगी किल्ली शोधून काढायला आजच्या संगणकांना अशक्य वाटावा इतका वेळ लागेल.

या गणिताचे श्रेय डिफी, हेलमन, रिव्हेस्ट, शामीर, ॲडलमन यांना मिळते आणि ते योग्यच आहे. पण सर्टिफिकेट ही कल्पना लोरेन कोनफेल्डर या एमआयटीतल्या विद्यार्थ्याची, त्याच्या १९७८ च्या पदवी प्रबंधातली, हे फार थोडे लोक सांगतात. डिफी आणि हेलमन यांच्या डोळ्यासमोर सर्वांच्या उघड किल्ल्यांचे एक सार्वजनिक पुस्तक होते. कोनफेल्डरने विचारले, प्रत्येक वेळी त्या पुस्तकाकडे धावायचे कशाला? नाव आणि उघड किल्ली यांची एकेक नोंद सही करून मालकाच्याच हाती द्यावी, तो ती दाखवत फिरेल. आज कोट्यवधी वेबसाइट याच विचारावर चालतात. पदवीच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातून एवढे मोठे काही निघाल्याची उदाहरणे विज्ञानात विरळाच.

कोनफेल्डरची कल्पना एका जागी मात्र अडते. नोंद मालकाच्या हातात असेल, तर ती रद्द कशी करायची? खासगी किल्ली चोरीला गेली तर जगभरच्या ब्राउझरना कळवायचे कसे? रद्द केलेल्यांच्या याद्या निघाल्या, पण त्या प्रचंड वाढल्या. दर वेळी संस्थेला विचारायची पद्धत आली, पण उत्तर नाही आले तर बहुतेक ब्राउझर पान तसेच उघडायचे. जुलै २०१४ मध्ये आपल्याकडच्या एनआयसी या सरकारी संस्थेच्या अधिकारातून गुगलच्या नावाची अनधिकृत सर्टिफिकेट निघाल्याचे उघड झाले. ती रद्द झाली, तरी गुगलने रद्द करण्यावर विसंबून न राहता क्रोममध्ये भारताच्या मूळ सर्टिफिकेटचा अधिकार ठरावीक पत्त्यांपुरता बांधून टाकला. म्हणून शेवटचा उपाय मुदतीचा. किल्ली चोरीला गेली, तरी फार तर ४७ दिवसांत ते सर्टिफिकेट आपोआप निकामी. मुदत कमी करणे हा सर्टिफिकेट विकणाऱ्यांचा डाव आहे, ही शंका मला टिकणारी वाटत नाही. २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा सर्टिफिकेट फुकट देते. महाग सर्टिफिकेटने गुप्तता तसूभरही वाढत नाही, आणि फसव्या वेबसाइटलाही सर्टिफिकेट मिळतेच.

आता यंत्राचे काम. ऑस्लो विद्यापीठातल्या मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सर्व्हरची मांडणी आपोआप राखणारे ‘सीएफइंजिन’ लिहिले. याच कामाची पपेट, अन्सिबल ही साधने नंतरची. बर्जेस यांचा विचार असा, की सर्व्हरला ‘हे कर, मग ते कर’ असे सांगू नये. शेवटी काय असायला हवे ते लिहून ठेवावे. यंत्र रोज पाहते आणि उणे असेल तेवढेच भरते. सर्टिफिकेटची मुदत पुरेशी शिल्लक आहे? मग हात लावत नाही. कमी आहे? मग संस्थेकडे अर्ज करते, पत्ता आपल्याच ताब्यात असल्याचे सिद्ध करते, नवे सर्टिफिकेट ठेवते आणि वेबसर्व्हरला ते वाचायला लावते. ही शेवटची पायरी फार महत्त्वाची. फाइल बदलली, पण वेबसर्व्हर स्मृतीतले जुनेच दाखवत राहिला, ही चूक जगभर होते. म्हणून तपासणी बाहेरून, ग्राहकाला दिसते त्या सर्टिफिकेटची करावी.

मुदत विसरल्याची किंमत किती असते? अमेरिकेत लोकांची पतमाहिती ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीच्या जाळ्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्राचे सर्टिफिकेट १९ महिने संपलेले होते. २०१७ मध्ये तिथे झालेली माहितीची चोरी त्यामुळे ७६ दिवस कोणाला दिसली नाही. सर्टिफिकेट बदलताच संशयास्पद हालचाल नजरेस आली, पण तोवर १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली होती.

यंत्राकडे काम देताना एक धोका मात्र वाढतो. सगळी रचना एका ठिकाणी लिहिली, की खासगी किल्लीही त्याच फोल्डरमध्ये, त्याच झिप फाइलमध्ये, कधी ईमेलमध्ये जाऊन बसते. असे कधीही होऊ देऊ नये. किल्ली सर्व्हरने स्वतः तयार करावी आणि ती तिथून हलू नये. अर्जासोबत उघड किल्लीच बाहेर जाते. ती फाइल वाचण्याचा अधिकार एकाच खात्याला असावा. दुसरीकडे न्यावीच लागली, तर कुलूपबंद करूनच न्यावी, त्यासाठी अन्सिबलमध्ये व्हॉल्टची सोय आहे. दर नूतनीकरणाला किल्लीही नवी करावी. सगळ्या सर्व्हरना एकच किल्ली वाटणे सोपे असते, पण मग एक सर्व्हर फुटला की सगळेच फुटले.

सहकारी बँकांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. सभासदांनी लाभांशाबरोबर दोन प्रश्न जरूर विचारावेत: आपल्या बँकेची खासगी किल्ली आज कोणाकोणाच्या हाती आहे, आणि सर्टिफिकेट संपायच्या आधी ते कोण बदलते, माणूस की यंत्र?