हिशेबाच्या पदवीला गणित किती लागते?

दहावीचा निकाल लागला की शाळेत दोन तऱ्हेचे पालक भेटतात. काही म्हणतात, "पोराचे गणित कच्चे आहे, म्हणून कॉमर्सला घालतो." इतरांचे म्हणणे नेमके उलटे असते : "गणितच येत नाही, तर हिशेबाचे शिक्षण कसे झेपणार?" आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी या दोघांनाही सल्ला देण्याचे काम बहुधा शिक्षकांकडेच येते. दोन्ही मते अर्धीच खरी आहेत. 'गणित किती?' यापेक्षा 'कोणते गणित?' हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे.

प्रथम नियम पाहू. राज्य मंडळाच्या वाणिज्य शाखेत अकरावी-बारावीला गणित व संख्याशास्त्र हा विषय ऐच्छिक आहे. तो न घेतलेल्या विद्यार्थ्यालाही सामान्यतः बी.कॉम.ला प्रवेश मिळतो. मग तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयात जावो किंवा शेजारच्या अहिल्यानगरला, पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयात जावो. म्हणजे प्रवेशाच्या दाराशी गणित अडवत नाही. अडवते ते आत गेल्यावर, आणि तेही बारावीचे नव्हे, तर पाचवी ते दहावीचे.

हिशेबशास्त्राचा पाया एका समीकरणावर उभा आहे : मालमत्ता = देणी + भांडवल. बीड जिल्ह्यातील मुलांना हे समजावण्यासाठी पुस्तकातील कारखानदार नको, उचल पुरे. समजा, ऊसतोडीला जाणाऱ्या एका जोडीने मुकादमाकडून ८०,००० रुपये उचल घेतली. घरात ८०,००० रुपये आले, पण तेवढेच देणेही झाले. म्हणून ८०,००० = ८०,००० + ०. उचल ही मिळकत नव्हे, हे समीकरणच सांगते. हंगामात जोडीने २०० टन ऊस तोडला आणि टनाला ३५० रुपये दर धरला, तर ७०,००० रुपये फिटले. दरम्यान हातातले ८०,००० खर्चून गेले. हंगामाअखेर मालमत्ता ०, देणे १०,००० आणि भांडवल उणे १०,०००. (आकडे सोयीसाठी घेतले आहेत.) समीकरण अजूनही जुळते. तीच बाकी मुकादमाच्या वहीत 'येणे' म्हणून दिसते. एकाच व्यवहाराची ही दोन टोके म्हणजे नावे आणि जमा.

येथे लागलेले गणित पूर्णांक संख्यांच्या बेरीज-वजाबाकीचे आहे. 'धन' आणि 'ऋण' हे शब्दही मुळात हिशेबातलेच. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज अशा नावांनीच या संख्यांचे नियम सांगितले. युरोपात लुका पाचिओली याने १४९४ साली व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंद पद्धत मांडली, तो ग्रंथही गणिताचाच होता.

पुढची पायरी शेकडेवारीची. १०० रुपयांची वस्तू १२५ ला विकली, तर नफा किती टक्के? खरेदीवर २५ आणि विक्रीवर २० टक्के. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, 'कशाचे टक्के?' हे मात्र विचारावे लागते. खतावणी पाठ असलेला विद्यार्थीही येथे घसरू शकतो.

घसाऱ्याचे उदाहरण घ्या. एक लाखाच्या यंत्रावर दरसाल मूळ किमतीच्या १० टक्के घसारा धरला, तर दहा वर्षांत किंमत शून्य होते. उरलेल्या किमतीवर १० टक्के धरला, तर ९०,०००, ८१,०००, ७२,९०० अशी ती उतरते आणि दहा वर्षांनीही सुमारे ३४,८६८ रुपये उरतात. पहिली अंकगणिती श्रेढी, दुसरी भूमिती श्रेढी. भागीदारीत अपूर्णांक लागतात. ३ : २ प्रमाणात नफा वाटून घेणाऱ्या दोघांनी तिसऱ्याला १/५ हिस्सा दिला, तर उरलेल्या ४/५ ची वाटणी जुन्या प्रमाणात होऊन नवे प्रमाण १२ : ८ : ५ येते.

एक गंमत वर्गात जरूर करून पाहावी. नावे आणि जमा बाकींची बेरीज सारखी येते की नाही, हे तेरजेत तपासतात. समजा फरक आला आणि त्याला ९ ने पूर्ण भाग गेला, तर जाणकार हिशेबनीस आकड्यांची उलटापालट शोधू लागतो. ५४० ऐवजी ४५० लिहिले, तर फरक ९०. कारण सोपे आहे : (१०अ + ब) − (१०ब + अ) = ९(अ − ब). शून्य सुटले तरी तेच, कारण १०अ − अ = ९अ. ही केवळ खूण आहे, पुरावा नव्हे. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक, असेही नाही. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला तरी ती जुळतेच. बीजगणित हिशेबनिसाच्या उपयोगी पडते ते असे.

पदवीच्या पुढच्या वर्षांत ना-नफा-ना-तोटा बिंदूसाठी एकचल समीकरण, चक्रवाढ व्याज, आणि संख्याशास्त्रातील सरासरी, विचलन, सहसंबंध, निर्देशांक एवढे लागते. त्रिकोणमिती किंवा भूमितीच्या सिद्धता लागत नाहीत. कलनशास्त्राचा संबंध अर्थशास्त्रातील सीमांत खर्चापुरता येतो. आता बेरजा संगणक करतो. पण रक्कम कोणत्या खात्यावर टाकायची आणि आलेले उत्तर संभवते का, हे माणसालाच ठरवावे लागते.

मात्र एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगायला हवी. मुलाला सी.ए. व्हायचे असेल, तर फाउंडेशन परीक्षेत व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्र यांचा १०० गुणांचा पेपर असतो, आणि त्यातील प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. अकरावीत गणित सोडलेल्यालाही ही परीक्षा देता येते, पण ते गणित त्याला पुढे एकट्याने शिकावे लागते. गावात शिकवणीची सोय नसेल, तर हे ओझे लहान नाही. असा विचार असणाऱ्याने अकरावीत गणित घ्यावे, हे बरे.

म्हणून दहावीच्या गुणांकडे पाहून होय-नाही सांगण्यापेक्षा मुलाला वरचीच चार उदाहरणे घालावीत : उचलीची बाकी, नफ्याचे टक्के, घसारा आणि भागीदारीची वाटणी. ती त्याने समजून सोडवली, तर दहावीला चाळीस गुण असले तरी बी.कॉम.ला घाबरण्याचे कारण नाही. ती अडली, तर सुट्टीच्या दोन महिन्यांत अपूर्णांक, प्रमाण आणि शेकडेवारी पुन्हा शिकवावी. हे काम शाळेत होण्याजोगे आहे, आणि त्यासाठी लागणारी पुस्तके पाचवी ते दहावीचीच आहेत.