मोबाईल डिकीत, पोरं पुढे!

‘बाबा, तू रविवारीपण ऑफिसातच असतोस!’ दहा वर्षांच्या लेकीचं वाक्य झोंबलं. मग काय, परवाच्या रविवारी मोबाईल डिकीत टाकला आणि निघालो.

पहिला स्टॉप गंगावेशीतला दूध कट्टा. दूध पिशवीतून येतं असं मानणारे आमचे चार वर्षांचे चिरंजीव समोर म्हशीची धार काढताना बघून गारच! धारोष्ण दुधाच्या पांढऱ्या मिशा घेऊनच गाडीत बसले.

मग कणेरी मठावरचं सिद्धगिरी म्युझियम. सिमेंटच्या पुतळ्यांतून उभं केलेलं जुनं खेडं. (टोपी, पाणी घ्याच, चालणं भरपूर आहे.) धाकटा बैलांना हाकत सुटला. लेकीनं विचारलं, ‘हे अवजार कसलं?’ मी गप्प. गुगलही डिकीत! शेजारचे एक आजोबा म्हणाले, ‘तिफण हाय बाळ, पेरायची.’ माझ्या आजोबांनी आयुष्यभर हाकलेली तिफण मला ओळखता आली नव्हती.

तुमची मुलं बारा-तेराची असतील तर पन्हाळा गाठा. तीन दरवाजा, अंधारबाव आणि 1660 चा सिद्दी जौहरचा वेढा तिथेच उभं राहून सांगा.

संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना लेक म्हणाली, ‘पुढच्या रविवारी आजीलापण न्यायचं. तिला सगळी नावं येत असतील.’

मोबाईल आठवला तो घरी पोचल्यावरच.